मंचाकडे पाठ

गेल्या वर्षी एका महोत्सवात माझा सत्कार झाला. शाल खांद्यावर पडायच्या आधी निवेदिकेनं माझी ओळख करून दिली. त्यात एक वाक्य होतं : "या निर्मात्याची मुळं प्रतिसंस्कृतीच्या व्हिडिओ-चळवळीत आहेत." शेजारच्या खुर्चीतले पाहुणे माझ्याकडे आदरानं पाहू लागले. मीही जमेल तितका गंभीर चेहरा केला. पण मनानं मी केव्हाच नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या दुकानात जाऊन बसलो होतो. दुकानावर पाटी होती : 'लग्न, मुंज, बारसे यांचे रंगीत व्हिडिओ शूटिंग करून मिळेल.' एका बाजूला बियाण्यांच्या कंपनीचं ऑफिस, दुसऱ्या बाजूला मोटारसायकल दुरुस्ती. मुळं म्हणायची तर ती तिथं होती, आणि त्यांना खतपाणी घातलं होतं नवरदेवांच्या मामांनी.

मामांचं आधी सांगतो, कारण सिनेमाच्या धंद्याचं सगळं शिक्षण त्यात आहे. आमच्याकडच्या लग्नात कॅमेऱ्यानं नवरा-नवरी घेतली नाही तरी एकवेळ चालतं. मामा घेतला नाही तर व्याह्यांचं बिनसतं. एका व्यापाऱ्यानं मुलाचं लग्न झाल्यावर दुकानात येऊन सांगितलं, "आमच्या मेव्हण्याला त्यातून बिलकुल काढून टाका. त्यानं जेवणावळीत आमची इज्जत काढली." दोन मशीन समोरासमोर ठेवून, एकावरून दुसऱ्यावर कॉपी करताना नको तो भाग गाळायचा, एवढंच तेव्हाचं एडिटिंग. मी आठवडाभर खपून मेव्हणा काढला. तो हट्टी होता, प्रत्येक चौकटीत कुठूनतरी डोकावायचा. दिवाळीत दोघांचं गोड झालं आणि व्यापारी परत आला, "मेव्हण्याला परत टाका. आणि जरा जास्त टाका." सुदैवानं मूळ कॅसेट मी पुसली नव्हती. पुढे मोठमोठ्या नटांनी मला हेच सांगितलं, फक्त इंग्रजीतून.

लोक विचारतात, निर्माता नेमकं करतो काय? दिग्दर्शकाला दृश्य दिसत असतं, नटाला स्वतःचा चेहरा दिसत असतो. निर्मात्यानं करायचं ते इतकंच, की ज्यांचं आपसात पटत नाही अशा माणसांना एका वेळी एका जागी उभं करायचं आणि तोवर ऊन जाऊ द्यायचं नाही. हे मी कुठल्या संस्थेत शिकलो नाही. तीर्थपुरीजवळच्या एका वस्तीवर, एका नळासमोर शिकलो. तीच हकिगत सांगायची आहे.

जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे उद्घाटनांचा हंगाम. बसथांबे, दवाखान्याच्या खोल्या, कार्यालयांच्या भिंती, जे दिसेल त्याला फीत बांधली जात होती. मी एकदा एका फलकाचं अनावरण पाहिलं. त्या फलकावर पुढच्या भूमिपूजनाची जागा लिहिलेली होती.

अशा दिवसांत माझा वर्गमित्र अरविंद पुण्याहून परत आला. जाताना गुळगुळीत गेला होता. येताना दाढी आणि सिद्धांत दोन्ही वाढवून आला. जगात ठिकठिकाणी तरुणांनी व्हिडिओ कॅमेरे हातात घेतले आहेत, मोठ्या लोकांचा टीव्ही आणि साध्या लोकांचा व्हिडिओ अशी लढाई सुरू आहे, असं त्यानं कुठंकुठं वाचलं होतं. जालन्यात त्या लढाईचं एकच हत्यार होतं आणि ते माझ्या दुकानात होतं. लग्नाच्या तिथी नसतील तेव्हा ते क्रांतीला द्यायचं असं ठरलं. तिसरी सुलभा. ती बँकेत होती, तिला आवाजाचं वेड होतं आणि आमच्या तिघांत अक्कल तिच्याकडे होती. गटाचं नाव ठेवलं 'उलटा कॅमेरा'.

नावात आमचं तत्त्व होतं. अरविंद म्हणाला, "आजवर प्रत्येक कॅमेरा मंचाकडे तोंड करून उभा राहिला. आपला मंचाकडे पाठ करून उभा राहील. आपण फक्त समोरची माणसं घ्यायची. मंच घ्यायचा नाही म्हणजे नाही."

आताच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण तेव्हाचा कॅमेरा एकट्यानं चालत नसे. कॅमेरा एकाच्या खांद्यावर, रेकॉर्डर दुसऱ्याच्या, आणि दोघांना जोडणारी जाड केबल. कॅमेरा अरविंद घ्यायचा, रेकॉर्डर आणि माइक सुलभा. अरविंद सिद्धांताच्या भरात पळाला की सुलभाला मागून पळावं लागे. ती म्हणायची, "क्रांती कर, पण वळायच्या आधी सांगत जा." माझ्याकडे बॅटऱ्या, चहा आणि माणसांची समजूत घालणं.

तर त्या वस्तीवर नळ आला. वस्ती मेंढपाळ घराण्यातल्या लोकांची. आता थोडी शेती, थोडी मेंढरं, बाकी मजुरी. पाणी गावच्या विहिरीवरून, डोक्यावर. टाकी गावात झाली, वस्तीवर नळाचा खांब उभा राहिला आणि उद्घाटनाला आमच्या भागातले एक पुढारी आले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मीही तेवढंच म्हणतो. मांडव, हार, भोंगे, सगळं यथासांग. आम्ही तत्त्वाप्रमाणे मंचासमोर उभे राहिलो, आप्पांकडे पाठ करून. एका कार्यकर्त्यानं दोनदा माझ्या खांद्याला धरून हलक्या हातानं वळवून पाहिलं. त्याला वाटलं आम्हाला दिशा कळत नाही.

आप्पांनी नळ सोडला. समोरच्या बायांचे चेहरे उजळले, टाळ्या पडल्या, थोड्या वेळानं टाळ्या थांबल्या. आम्ही खूश होऊन परत आलो. अरविंद म्हणाला, "अख्ख्या कार्यक्रमात आप्पा एकदाही नाहीत. ऐतिहासिक आहे."

पुढे काही आठवड्यांनी दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. काळी, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट. मागे आणखी तिघीचौघी.

"व्हिडिओवाले भाऊ तुमीच ना? म्या सरूबाई. वस्तीवरची. नळाच्या दिशी तुमी आमच्याकडं तोंड करून हुबे व्हते."

मी त्यांना बसायला सांगितलं. सरूबाई बसली नाही.

"त्या दिशी जेवढं पानी आलं तेवढंच. मंग थेंब न्हाई. गावापून वस्तीपतुर पाइपच टाकला न्हाई. मांडवाच्या कापडामागं टँकर हुबा केल्ता, त्येची नळी खांबाला लावल्ती. आमी आता हापिसात जाऊन आलो. सायेब म्हनतो, नळ चालू हाय. फोटू दाखिवला, आप्पा हात धुऊन राह्यले. म्हनला, कागदावर वस्तीला पानी हाय, आता टँकर बी मिळनार न्हाई, दुसरा नळ बी न्हाई."

म्हणजे उद्घाटनाआधी वस्तीला निदान अर्ज करायची सोय होती. उद्घाटन झाल्यापासून तीही गेली.

"तुमच्या टीव्हीत टँकर दिसंल," सरूबाई म्हणाली. "त्यो सायबाला दाखवू. मंग कसा न्हाई म्हनतो."

अरविंद तेव्हा दुकानातच होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी कॅसेट लावली.

पडद्यावर बाया, बाप्ये, पोरं, एक शेळी. पुन्हा बाया. टँकर नाही. नळ नाही. आप्पा तर नाहीतच. सरूबाई बराच वेळ बघत राहिली.

"नळ कधी येतो?"

"नळ यात घेतलेला नाही," अरविंद म्हणाला. "आमचा विचार असा, की..."

"आमचीच तोंडं आमाला दाखवून काय करून राह्यले तुमी? आमची तोंडं आमाला ठावं हायेत!"

अरविंदनं वाक्य अर्धवट सोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण सरूबाई हसत नव्हती. पडद्यावर ती स्वतः दिसत होती. नळ सुटल्यावर घागर कमरेला लावून उठली होती, तोंडभर हसू. शेजारची तिला पदर ओढून खाली बसवत होती. मग हसू तसंच राहिलं, नुसतं त्यातलं काहीतरी गेलं, आणि ती घागर मांडीवर घेऊन बसली. आम्ही ते शूट करताना पाहिलंही नव्हतं. ऐतिहासिक काय होतं ते अरविंदला कळलं असेल तर तेव्हा.

"मागे घे आणि आवाज वाढव," एकदम सुलभा म्हणाली. ती बँकेतून डबा घेऊन आली होती आणि दारातच थांबली होती.

मी कॅसेट मागे घेऊन आवाज वाढवला. भोंग्याची घरघर. सुलभा त्या दिवशी भोंगे टाळायला माइक मागे, मांडवाच्या कापडाकडे वळवून उभी होती. तत्त्व कॅमेऱ्यापुरतं होतं. माइकला कुणी काही सांगितलं नव्हतं. घरघरीच्या खालून एक आवाज आला, स्वच्छ :

"मारुती, सोड! ...आरं कमी, कमी! आप्पाचं धोतर भिजून राह्यलं! ...फोटू झाला का? झाला? कर बंद, जल्दी! टाकी खाली व्हईल!"



"मारुती टँकरवाला," सरूबाई सावकाश म्हणाली. "माझ्या नणंदेचा दीर हाय त्यो. मेला हुंड्याच्या बैठकीत बी असाच गप बसल्ता."

आम्ही कॅसेट घेऊन तिच्याबरोबर ऑफिसात गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं, "फोटोत पाणी दिसतंय. तुमच्यात फक्त आवाज आहे. आवाज फायलीला लावता येत नाही." माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे टाचणी होती आणि आवाजाला टाचणी लागत नाही, एवढाच प्रश्न होता.

फायलीला लागत नाही ते बाजाराला लागतं का, हे बघायचं मी ठरवलं. तीर्थपुरीला आठवडी बाजाराच्या दिवशी करीमभाईंचं व्हिडिओ पार्लर चालायचं. पत्र्याचं शेड, खिडक्यांना गोणपाट, एक टीव्ही, समोर बाकडी, आणि मारामारीचे हिंदी पिक्चर. दुपारी आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, तरी जागा मिळत नसे. मी म्हटलं, मध्यंतरात आमची दहा मिनिटं लावा.

करीमभाई झारा हातात धरून म्हणाले, "देखो सेठ, मैं पिक्चर का धंदा नइं करता. भजियों का करता. इंटरवल में तुमारी फिलम लगाया तो भजी कौन खाता? नक्को."

अरविंद त्यांना लोकमाध्यमांचं महत्त्व समजावून सांगू लागला. करीमभाई ऐकताना घाण्यामागून घाणा काढत राहिले. सुलभा म्हणाली, "भाई, भजी आत नेऊन विका. बघत बघत खातील."

करीमभाईंचा झारा थांबला. "अंदर?" त्यांनी शेडकडे पाहिलं. "हौ. ये चलता."

चित्रपटगृहात खाद्यपदार्थ आणून देण्याची सोय आता मोठ्या शहरांत नवलाई म्हणून मिरवतात. ती आधी तीर्थपुरीत झाली, प्रतिसंस्कृतीमुळे.

पहिल्या खेळाला लोकांना वाटलं टीव्ही बिघडला. पिक्चरमधला हिरो गेला आणि आपल्यासारखीच माणसं आपल्याकडे बघत बसली. मग कुणीतरी ओरडलं, "आरं, ही आपली सरूबाई!" मग एकेकाची ओळख पटत गेली. शेळीचीही पटली. आणि "मारुती, सोड!" आलं तेव्हा पत्रा उडेल असा हशा झाला. लोकांनी तेवढं पुन्हा लावायला लावलं. शेवटी घागर मांडीवर घेऊन बसलेली सरूबाई येते, तिथं हशा आपोआप थांबला. एक म्हातारा भजं हातात तसंच धरून म्हणाला, "हे काय बराबर न्हाई झालं."

पुढच्या बाजारापर्यंत ते दोन शब्द आमच्याही पुढे गेले होते. भाषण लांबलं, मारुती सोड. सोसायटीच्या सभेत कुणी आश्वासन दिलं, मारुती सोड. एका लग्नात नवरदेवाला हार घालायला उशीर झाला तर वऱ्हाडातून तेच. खुद्द मारुती बिचारा टँकर दुसऱ्या तालुक्यात चालवू लागला.

आणि मग एका बाजारच्या दुपारी आप्पा स्वतः आले.

शेडमध्ये वाट झाली. आप्पा पहिल्या बाकड्यावर बसले, भज्यांची प्लेट घेतली आणि म्हणाले, "लावा. समद्या बाजारानं पाह्यली, आमीच राह्यलो." दारात सरूबाई उभी होती; त्या दिवसांत ती प्रत्येक बाजारी यायची, आपला अर्ज चाललाय तसा. अरविंदचा चेहरा पडला होता. माझ्या मनात कॅमेऱ्याचं काय होणार एवढंच होतं.

कॅसेट संपली. कुणी हसलं नाही. हसायची सोय नव्हती. आप्पांनी प्लेट खाली ठेवली.

"मी कुठंय?"

"आप्पा, आम्ही मंच घेत नाही," अरविंद म्हणाला. "तत्त्व आहे."

"कार्यक्रम माझा. मांडव माझा. त्या मारुतीचं नाव हाय, शेळी हाय, आन मीच न्हाई? माझा हात बी न्हाई?"

त्यांना टँकरचा राग आला नव्हता. गाळलं गेल्याचा आला होता. मला एकदम तो मेव्हणा आठवला. प्रत्येक चौकटीत डोकावणारा. आणि मेव्हण्याचं काय करायचं असतं ते मला ठाऊक होतं.

"आप्पा, पुन्हा घेता येईल," मी म्हटलं. "तुम्ही मधोमध, समोरून, अगदी हातातल्या घड्याळासकट. कार्यक्रम परत करावा लागेल."

"करू."

"फक्त पाणी खरं लागेल. आमच्या ताईंचा माइक फार तेज आहे. कापडामागचंही उचलतो."

तेवढ्यात मागच्या अंधारातून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "मारुती, सोड!" आणि दाबून धरलेलं सगळं शेड फुटलं. आप्पांची मान आधी कडक झाली, मग खांदे हलायला लागले. मुरलेला माणूस. कधी हसावं हे कळल्याशिवाय कुणी इतकी वर्षं निवडून येत नाही.

"ठीक हाय. पाइप टाकतो," ते उठत म्हणाले.

"आप्पा," दारातून सरूबाई म्हणाली. "एक हाय. आदी आमच्या घागरी, मंग तुमचा हार. ह्या भाऊला बी सांगा. घागरी भरल्याबिगर कुनाचं तोंड घ्यायचं न्हाई."

"बरं माय," आप्पा म्हणाले.

पाइप टाकला गेला. किती वेगानं, ते पाहून आधी तो का टाकला नव्हता हे आणखीच कळेनासं झालं.

आमच्यात मात्र तेवढ्यात फूट पडली. "म्हणजे आपण मंच घेणार," अरविंद म्हणाला. "आता आपल्यात आणि सरकारी फोटोग्राफरमध्ये फरक काय?"

"पाणी," सुलभा म्हणाली.

"आज पाण्यासाठी, उद्या आणखी कशासाठी."

त्याचं अगदीच चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. पुढे मी पुष्कळ मंच घेतले, आणि प्रत्येकामागे पाणी होतंच असं नाही. तो पुन्हा पुण्याला गेला, शिकवू लागला. आमच्या बहुतेक कॅसेट दुकानातल्या दमट कपाटात बुरशीनं खाल्ल्या. जगात चळवळी दडपल्या जातात असं म्हणतात. आमची ओलीनं गेली.

पण त्या दुसऱ्या उद्घाटनाच्या दिवशी तो आला होता. वस्तीवर तसाच मांडव, तेच भोंगे. फक्त कापडामागची बाजू मुद्दाम उघडी ठेवलेली. अरविंदनं कॅमेरा माझ्या हातात दिला, केबल सोडून सुलभाला माझ्याशी जोडलं आणि स्वतः नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. मंचाकडे पाठ करून, कॅमेऱ्याशिवाय. तत्त्व म्हणजे तत्त्व.

आप्पांनी नळावर हात ठेवला, माझ्याकडे पाहून हसले आणि नळ फिरवला.

काहीच आलं नाही. नळ खोकला. आत हवा फुसफुसली. सगळी वस्ती श्वास धरून. सरूबाईची घागर नळाखाली, तिची नजर घागरीच्या तोंडात. आप्पांचं हसू कपाळापर्यंत ताणलं गेलं होतं. तेवढ्यात मागून कुणालातरी राहवलं नाही : "मारुती, सोड!"

"आवं, म्या हितं बसलोय!" गर्दीतून कळवळून आवाज आला. मारुती खरंच सरूबाईच्या नणंदेकडच्या पाहुण्यांत पुढे मांडी घालून बसला होता, दोन्ही हात वर करून.

त्याच्यावर हसू फुटायच्या आतच नळानं लालसर पाण्याचा एक भपका टाकला, मग गढूळ, मग धार. पत्र्याच्या घागरीच्या तळावर ती अशी वाजली की भोंगेवाल्यानं आपण होऊन भोंगा बंद केला. मी ती धार घेत होतो. अरविंद पाठ करून उभा होता. पाणी आलं हे त्याला आवाजावरून कळलं. आवाज भरत गेला, खोल झाला. घागर गळ्याशी आली तेव्हा त्याची मान वळली. आधी मान, मग सबंध माणूस.

"अरे, फोकस बघ, फोकस!" तो माझ्यावर खेकसला.

सरूबाईची भरली. मग शेजारणीची. मग अख्ख्या वस्तीच्या. घागरी, कळशा, डबे, एका पोरीचा तांब्या. ठरल्याप्रमाणे मी एकही सोडला नाही. शेवटची कळशी उचलली गेली, आप्पा पुढे सरकले, कार्यकर्त्यांनी हार उंच धरला, मी कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर आणला. आणि डोळ्यापुढलं चित्र बारीक होत होत विझलं.

"गेली," सुलभा माइक न हलवता पुटपुटली. बॅटरी. धड चालणारी तेवढी एकच होती.

मी कॅमेरा खांद्यावरून उतरवला नाही. एक डोळा मिटून, दुसरा अंधाराला लावून आप्पांचं सगळं भाषण घेतलं. मधूनमधून त्यांना हातानं थोडं उजवीकडे सरकवलं. ते सरकले. निर्माता झालो तो त्या क्षणी.

अरविंद माझ्याजवळ आला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझलेला त्यानं पाहिला, मग आप्पांकडे पाहिलं, मग मागे ओल्या चिखलातून घागरी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायांकडे. दाढीत त्याचे ओठ हलले.

"मंच घेतला नाही आपण," तो हळूच म्हणाला.